घोडा पुन्हा पुन्हा लंगडतो : आधी पाय ओळखावा, मग जागा

अलिबाग, नागाव, काशिद, मुरूडपासून खाली दिवेआगर-हरिहरेश्वरापर्यंत किनाऱ्यावर ज्यांची घोडी आणि टांगे चालतात, त्यांच्या एका तक्रारीचे स्वरूप जवळजवळ ठरलेले असते. शनिवार-रविवारच्या गर्दीत घोडा नीट काम करतो, सोमवारी सकाळी पाय टाकताना कचरतो, मालक त्याला तीन-चार दिवस उभा ठेवतो, खांद्याला तेल चोळतो, शुक्रवारपर्यंत चाल सुधारते आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच सुरू होते. हा फेरा हंगामभर चालतो आणि मे महिन्यात, म्हणजे कमाई सर्वांत जास्त असते तेव्हा, घोडा साफ बसतो. याचे कारण बहुतेक ठिकाणी एकच दिसते : कोणता पाय आणि पायातली कोणती जागा, हे ठरण्याच्या आधीच उपचार सुरू झालेला असतो, आणि विश्रांतीमुळे लक्षण मावळले की तपासणीची गरजच कोणाला वाटत नाही.

‘खांदा भरलाय’ हे आपल्याकडचे सर्वांत आवडते निदान आहे. उभ्या घोड्याच्या वजनापैकी सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो, त्यामुळे लंगडण्याच्या तक्रारीही पुढच्या पायांच्याच अधिक असतात. परंतु त्यांपैकी बहुतेकांचे मूळ खुरात किंवा खुराच्या थोडे वर सापडते, आणि जाड स्नायूंनी वेढलेला खांदा खरोखरच दुखावल्याची उदाहरणे त्या मानाने थोडी असतात. तरीही तेल खांद्यालाच लागते, कारण खूर उचलून, खरवडून, वास घेऊन पाहण्यापेक्षा ते सोपे असते. त्यामुळे पुढे दिलेल्या क्रमात खूर पहिला ठेवला आहे.

तपासणीपूर्वीची तयारी

तपासणीच्या आदल्या दिवशी घोड्याला वेदनाशामक औषध देऊ नये. दुखणे दबले की चाल सुधारते आणि पाय ओळखण्याचा एकमेव पुरावा नाहीसा होतो. येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. माणसांसाठी मिळणारे डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन घोड्याला टोचण्याची सवय काही ठिकाणी अजून आहे. भारतात जनावरांसाठी त्याच्या वापरावर २००६ पासून बंदी आहे आणि २०२३ मध्ये अॅसिक्लोफिनॅक व किटोप्रोफेन यांवरही ती आली. ज्या रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावला गिधाडे टिकवण्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे मेहनत घेतली, तेथे तरी हे औषध मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जाता कामा नये.

वेळ पहाटेची धरावी. दहानंतर कोकणातल्या उन्हात चारही खूर गरम लागतात आणि हाताने ऊब तपासण्याला अर्थ राहत नाही. त्याचबरोबर ओहोटीची वेळ जुळली तर फारच चांगले. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकत असल्यामुळे पंधरवड्यात असे दोन-तीन दिवस मिळतातच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत पाणी लांबवर हटते आणि घट्ट ओल्या वाळूचा रुंद, सपाट पट्टा उघडा पडतो. कोरड्या भुसभुशीत वाळूत चाल तपासण्याचा प्रयत्न करू नये, कारण तेथे निरोगी घोडाही पाय ओढतो. लाटांच्या कडेचा तिरका उतारही टाळावा, कारण एका बाजूचे पाय खाली आणि दुसऱ्या बाजूचे वर असले की सरळ चालही वाकडी भासते.

वाळूबरोबरच पक्का रस्ता किंवा सिमेंटचे अंगण, असे दुसरे कठीण ठिकाण हाताशी असावे. दोन्ही ठिकाणी चालवून पाहण्यामागे कारण आहे. कठीण जमिनीवर जास्त आणि वाळूवर कमी लंगडणारा घोडा बहुधा खुरात किंवा हाडा-सांध्यात दुखावलेला असतो. उलट मऊ जमिनीवर जास्त लंगडणाऱ्या घोड्याच्या शिरा (येथे शीर म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, तर स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी कंडरा) आणि स्नायूबंध यांच्याकडे आधी पाहावे लागते. हा नियम पोलादी नव्हे, पण दिशा दाखवण्यापुरता भरवशाचा आहे.

उभा असताना

घोड्याला सपाट जागी, लगाम न ताणता, पाच-दहा मिनिटे स्वस्थ उभे राहू द्यावे आणि लांबूनच पाहावे. मागचा एक पाय सैल सोडून विसावा घेणे आणि थोड्या वेळाने पाय बदलणे ही घोड्याची स्वाभाविक सवय आहे. मात्र तो प्रत्येक वेळी तोच पाय सैल सोडत असेल आणि दुसऱ्यावर बदली करत नसेल तर नोंद घ्यावी. पुढचा पाय पुढे काढून टेकवून ठेवणे मात्र कधीच स्वाभाविक समजू नये. दोन्ही पुढचे पाय पुढे काढून, अंगाचा भार मागे टाकून, टाचांवर उभा असलेला घोडा दिसला तर पुढची तपासणी तेथेच थांबवावी. त्याबद्दल खाली लिहिले आहे.

त्यानंतर समोर बसून दोन्ही पुढच्या खुरांची तुलना करावी. जो पाय महिनोन्‌महिने दुखत आला आहे त्यावर घोडा कमी भार टाकतो, म्हणून त्याचा खूर कालांतराने दुसऱ्यापेक्षा अरुंद आणि उभट होतो, टाच उंच होते. मागचा पाय असा दुखत आला असेल तर मागून पाहिल्यास पुठ्ठ्याचा त्या बाजूचा स्नायू उतरलेला दिसतो. अशा खुणा असतील तर ‘परवापासून लंगडतोय’ हे मालकाचे म्हणणे बाजूला ठेवून दुखणे जुने आहे असेच धरून चालावे.

चालवून पाहताना

आधी कदमाने आणि मग दुडकीने, साधारण पंचवीस-तीस मीटर सरळ रेषेत, पाहणाऱ्यापासून दूर आणि परत त्याच्याकडे, असे घोड्याला न्यावे. दुडकीत तिरपे दोन पाय एकाच वेळी पडतात, म्हणजे उजव्या पुढच्याबरोबर डावा मागचा आणि डाव्या पुढच्याबरोबर उजवा मागचा, त्यामुळे दोन्ही बाजूंची तुलना त्या चालीत जितकी स्पष्ट होते तितकी भरधाव पळताना होत नाही. घोडा धरणाऱ्याने दोरी हात-दीड हात सैल सोडावी. आमच्याकडे घोडा ‘मिजाशीत’ दिसावा म्हणून पोरे म्होरकी तोंडाजवळ घट्ट धरून पळतात. तसे केले की डोके हलत नाही, आणि नेमके डोक्याचे हलणेच पाहायचे असते.

पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीवर पडताना घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय पडताना डोके खाली येते. ज्या पायाबरोबर डोके खाली जाते तो पाय चांगला, हे मनाशी पक्के करून ठेवावे, कारण घाईत नेमके उलटे समजले जाते आणि चांगल्या पायाला लेप लागतो. कठीण रस्त्यावर कानांचाही उपयोग होतो. चांगला पाय जोरात आपटतो आणि दुखरा पाय हलका पडतो, म्हणून टापांचा आवाज एकसारखा न येता एक जड, एक हलका असा येऊ लागतो.

मागच्या पायासाठी घोड्याच्या पाठीमागे उभे राहून कमरेच्या दोन्ही उंचवट्यांकडे पाहावे. दोन्हीकडे चुन्याचा एकेक ठिपका लावला की काम सोपे होते. ज्या बाजूचा ठिपका जास्त वर-खाली होतो त्या बाजूचा पाय दुखरा असतो. येथे मात्र एक फसगत होते. मागचा पाय जोरात दुखत असेल तर तो पडताना घोडा अंगाचा भार पुढे ढकलण्यासाठी डोके खाली घालतो. उजवा मागचा पाय दुखत असल्यास त्याच्याबरोबर पडणाऱ्या डाव्या पुढच्या पायाच्या वेळी डोके खाली जाते, आणि समोरून पाहणाऱ्याला वाटते की उजवा पुढचाच पाय दुखतो आहे. म्हणून डोके हलताना दिसले तरी पाठीमागून पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये समोरून, बाजूने आणि मागून असे तीन छोटे व्हिडिओ काढले तर या गोष्टी डोळ्यांपेक्षा स्पष्ट दिसतात, आणि पशुवैद्याकडे पाठवताही येतात.

डोके अजिबात हलत नाही, पण चाल आखूड आणि अडखळती झाली आहे, घोडा काचांवरून चालल्यासारखा जपून पाऊल टाकतो, अशी स्थिती असेल तर दोन्ही पुढचे पाय दुखत असण्याची शक्यता धरावी. दोन्हीकडे सारखेच दुखत असेल तर डोके हलवून फायदा काय? अशा घोड्याला कठीण जमिनीवर मोठ्या वर्तुळात आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने फिरवले की आतल्या बाजूचा पाय बहुधा जास्त लंगडतो आणि लपलेले दुखणे उघडे पडते.

ओल्या वाळूचा खरा उपयोग आता होतो. घोडा पुढे गेल्यावर त्याच्याकडे पाहण्याऐवजी वाकून ठसे पाहावेत. सावकाश कदमाने चालणाऱ्या निरोगी घोड्याच्या मागच्या खुराचा ठसा त्याच बाजूच्या पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्याही थोडा पुढे पडतो. एका बाजूला तो मागे पडू लागला तर त्या बाजूची ढांग आखडली आहे. बांबूच्या काठीवर खूण करून लागोपाठ सात-आठ पावलांचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. अंदाजाने न दिसणारा दोन-तीन बोटांचा फरकही काठी सांगते. ठशाचा पुढचा काठ खोल आणि टाच उथळ असेल तर घोडा टाच टेकवायला कचरतो आहे. मागच्या खुराच्या ठशापूर्वी वाळूत ओरखडा उमटत असेल तर तो पाय पुरेसा उचलला जात नाही, आणि अशा घोड्याच्या नालेचा पुढचा काठही झिजलेला सापडतो. लाट येऊन ठसे पुसण्याआधी त्यांचा फोटो काढावा, शेजारी काठी ठेवून.

लंगडणे किती आहे हे सांगण्यासाठी पशुवैद्य बहुधा अमेरिकन असोसिएशन ऑफ इक्वाइन प्रॅक्टिशनर्सची ० ते ५ अशी श्रेणी वापरतात. त्यात १ म्हणजे कधी दिसते कधी नाही, २ म्हणजे सरळ चालीत ओळखणे कठीण पण वर्तुळात किंवा स्वार बसल्यावर नेहमी दिसणारे, ३ म्हणजे दुडकीत प्रत्येक वेळी दिसणारे, ४ म्हणजे कदमातही उघड आणि ५ म्हणजे पाय जवळजवळ न टेकणे. ‘जरा लंगडतोय’ असे फोनवर सांगण्यापेक्षा यातला आकडा सांगितला तर डॉक्टरांना निघण्याची घाई किती करायची ते कळते.

हात लावून

पाय ठरला की खुरापासून वर जावे. प्रथम फेटलॉकच्या, म्हणजे नळीच्या (गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या) खाली मागच्या बाजूला केसांचा झुपका असलेल्या सांध्याच्या, दोन्ही अंगांना मागून बोटे हलकी टेकवून नाडी शोधावी. निरोगी पायात ती इतकी मंद असते की नवख्या माणसाला सापडतच नाही; खुरात पू झाला असेल किंवा सूज असेल तर ती ठणठण लागते. एकाच पायात ठणका असेल तर पू, खिळा किंवा मार यांचा विचार करावा, आणि दोन्ही पुढच्या पायांत असेल तर खुराच्या आतल्या पापुद्र्यांची सूज, जिला लॅमिनायटिस म्हणतात, तिचा. खुराची ऊब तळहाताच्या पाठीने पाहावी आणि नेहमी जोडीच्या दुसऱ्या पायाशी तुलना करावी.

मग खूर उचलून आकड्याने पूर्ण साफ करावा आणि ब्रशने धुवावा. तळव्यात, भिंत आणि तळवा यांच्यामधल्या पांढऱ्या रेषेत आणि मागच्या त्रिकोणी गादीच्या खाचांमध्ये काळा ठिपका, भेग, छिद्र किंवा दुर्गंधी आहे का ते पाहावे. कुलाब्याच्या किल्ल्याकडे ओहोटीत जाणाऱ्या टांग्यांच्या वाटेवर आणि इतर खडकाळ किनाऱ्यांवर कालवांच्या शिंपांची धार असलेले खडक असतात. त्यांनी गादी कापली गेली की जखम बाहेरून रेघेएवढी दिसते आणि आत वाळू अडकते. खूर दाबून पाहण्याचा चिमटा नालबंदाकडे किंवा डॉक्टरांकडे असतो. त्याने भिंतीच्या कडेने थोड्या थोड्या अंतरावर दाबत गेल्यास दुखऱ्या जागी घोडा पाय ओढून घेतो, आणि तो तिथेच पुन्हा दाबल्यावर पुन्हा ओढून घेत असेल तरच ते खरे मानावे.

खुरात काही न सापडल्यास नळीच्या मागच्या शिरांवरून, पाय टेकलेला असताना आणि उचलून धरलेला असताना, असे दोन्ही वेळा अंगठा आणि बोट फिरवावे. निरोगी शीर ताणलेल्या दोरीसारखी कडक आणि स्वच्छ कडांची लागते. दुखावलेली शीर जाड, मऊ आणि उबदार लागते, आणि बाजूने पाहिल्यास नळीची मागची रेषा धनुष्यासारखी बाहेर आलेली दिसते. त्यानंतर गुडघा, कोपर, मागच्या पायात हॉक (टाचेसारखा मागे वळलेला सांधा) आणि स्टायफल (त्याच्या वरचा, वाटी असलेला सांधा) हे सांधे. खांदा शेवटी. खोगिराखालची पाठ आणि टांग्याच्या साजाखालचा भाग दाबून पाहायला विसरू नये, कारण पाठ दुखणारा घोडाही मागचे पाय आखडतो.

केव्हा उलटते त्यावरून

दुखणे परत कधी येते हे लिहून ठेवणाऱ्याला निम्मे उत्तर मिळालेले असते. नाल मारल्यापासून एक ते चार-पाच दिवसांत लंगडणे सुरू होत असेल तर खिळा कोवळ्या भागाजवळ किंवा भागात गेला आहे, असेच आधी धरावे. नालबंदाला बोलावून एकेक खिळा वेगळा काढून घ्यावा. कोणता खिळा ओला, काळा किंवा वासाचा निघतो आणि कोणता काढताना घोडा दचकतो, त्यावरून जागा कळते. येथे किनाऱ्यावर खूर दिवसातून कितीदा तरी खाऱ्या पाण्यात भिजतो आणि तापलेल्या वाळूत सुकतो, त्यामुळे भिंत ठिसूळ होऊन खिळे सैल पडतात आणि नालबंद नवी घट्ट जागा शोधत आत-आत सरकतो. दर सहा आठवड्यांच्या आसपास नाल काढून खूर छाटून घेतला तर ही वेळ कमी येते. नाल शाबूत आहे म्हणून तीन-तीन महिने तशीच ठेवणे हा फायदा नव्हे, कारण तेवढ्यात पुढचा काठ वाढून शिरांवरचा ताण वाढलेला असतो.

एका दिवसात एकाएकी पाय टेकवेनासा झाला आणि मार लागल्याचे काही दिसत नाही, तर खुरात पू असण्याची शक्यता मोठी असते. पू बाहेर पडला की घोडा तासाभरात सुधारतो आणि सगळे निवांत होतात. परंतु वाट पूर्ण उघडली नसेल तर तोंड बंद होऊन पू पुन्हा साचतो. ही जागा पशुवैद्य किंवा जाणकार नालबंदाने खालून उघडावी, कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून खूर बुडवावा आणि जागा कोरडी होईपर्यंत पट्टीने झाकून ठेवावी. समुद्रात उभे केल्याने सगळे बरे होते ही समजूत येथे महागात पडते; थंड पाण्याने सुजलेल्या शिरेला तात्पुरता आराम मिळतो हे खरे, पण उघड्या छिद्रात त्याच पाण्याबरोबर वाळू जाते. खुराच्या वरच्या कडेला फुटलेल्या पुवाची चीर भिंतीबरोबर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर खाली सरकते, त्यामुळे आज दिसणाऱ्या चिरेचे कडेपासूनचे अंतर मोजून मूळ दुखणे कोणत्या महिन्यातले होते हेही काढता येते.

जून ते सप्टेंबर या काळात उलटणाऱ्या तक्रारी वेगळ्या असतात. तबेल्यात चिखल आणि मूत यांत उभ्या घोड्याच्या गादीच्या खाचा कुजतात, काळा दुर्गंधी स्राव येतो आणि मधली खाच खोल गेली की टाच दुखू लागते. बोथट काडी मधल्या खाचेत सहज आत जात असेल तर ती निरोगी नव्हे. कुजलेला भाग काढणे, रोज साफ करणे आणि पोव्हिडोन आयोडिन लावणे याने फरक पडतो. मोरचूद जपून वापरावा, कारण जिवंत मांसाला तो भाजतो. पण उभे राहण्याची जागा कोरडी झाली नाही तर कोणतेच औषध टिकत नाही, म्हणून पावसाआधी जांभ्याच्या चिऱ्यांचा उंच ओटा बांधून पाण्याला उतार देणे हा त्यावरचा खरा इलाज आहे.

पावसाळ्यातला दुसरा धोका खुराकाचा आहे. काम बंद असते, हरभरा मात्र हंगामातल्या मापानेच चालू राहतो आणि कोवळे गवत मुबलक असते. हंगामात पर्यटक पाव, बिस्किटे आणि गूळ चारतात ते वेगळेच. लॅमिनायटिस येण्यासाठी एवढे पुरते, आणि एकदा येऊन गेलेल्या घोड्याला तो पुन्हा होण्याची भीती कायम राहते.

हंगामात, विशेषतः भुसभुशीत वाळूत ओझ्यासह पळवल्यानंतर, तोच पाय वारंवार जात असेल तर शिरेकडे पाहावे. सोमवार-शुक्रवारच्या फेऱ्याचे हे सर्वांत सामान्य स्पष्टीकरण आहे. फाटलेल्या तंतूंची सूज आठवडाभरात उतरते आणि घोडा सरळ चालू लागतो, पण तंतू सांधून पक्के होण्यास कित्येक महिने, मोठ्या इजेत नऊ महिने ते वर्षही, लागते. दर रविवारी अर्धवट सांधलेली शीर पुन्हा फाटते.

सकाळी सुरुवातीला ताठ आणि चालल्यावर मोकळा होणारा घोडा सांध्यांच्या झिजेकडे निर्देश करतो. टाचेऐवजी खुराचे टोक आधी टेकवणारा, ढांग आखूड झालेला आणि कधी एक तर कधी दुसरा पुढचा पाय पुढे काढून उभा राहणारा घोडा खुराच्या आतल्या नॅव्हिक्युलर हाडाच्या भागात दुखावलेला असू शकतो. याउलट उभ्या-उभ्या मागचा पाय सरळ ताठ अडकतो, मागे ओढला जातो आणि झटक्यासरशी सुटतो, ही तऱ्हा स्टायफलच्या वाटीची आहे. सरळ पायांच्या, अशक्त किंवा बरेच दिवस उभ्या ठेवलेल्या तट्टांत ती अधिक दिसते. येथे विश्रांतीने दुखणे वाढते आणि बेताच्या नियमित चालण्याने अनेकदा सुधारते. ‘लंगडतो ना, मग उभा ठेवा’ हा सल्ला प्रत्येकाला लागू का पडत नाही, ते यावरून कळावे.

लगेच डॉक्टर बोलवावेत असे प्रसंग

पाय अजिबात टेकत नाही, सांध्याजवळ किंवा शिरेवर जखम आहे, ताप १०१.५ फॅरेनहाइटच्या वर आहे, किंवा घोडा टाचांवर मागे रेलून उभा आहे, अशा वेळी चालवून पाहण्याच्या भानगडीत पडू नये. निरोगी घोड्याची उभ्या स्थितीतली नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. विसाव्यातही ती ६० च्या पुढे राहत असेल तर वेदना तीव्र आहे. लॅमिनायटिसचा संशय असल्यास धान्य बंद करावे, घोड्याला खोल मऊ वाळूत उभे करावे, खुरांना बर्फ लावावा आणि मुळीच चालवू नये. खिळा किंवा शिंपेचा तुकडा गादीत रुतलेला दिसला आणि डॉक्टर थोड्या वेळात येणार असतील, तर तो उपटू नये. तो किती आणि कोणत्या दिशेने गेला आहे हे क्ष-किरण चित्रात दिसणे फार महत्त्वाचे असते. त्यावर भार पडून तो आणखी आत जाऊ नये म्हणून भोवती जाड गादी बांधावी. काढण्यावाचून इलाजच नसेल तर आधी फोटो काढावा आणि जागेवर खूण करावी. घोडा धनुर्वाताला अतिशय लवकर बळी पडतो, त्यामुळे लस दरवर्षी दिलेली आहे ना, हे अशा वेळी शोधत बसावे लागू नये.

डॉक्टर आल्यानंतर

सांधा ३० ते ६० सेकंद वाकवून धरून लगेच दुडकीने पळवणे आणि खालून वर एकेक भाग बधिर करत चाल कधी सुधारते ते पाहणे, या दोन परीक्षांनी दुखऱ्या जागेपर्यंत पोहोचता येते. बधिर करण्याची सुरुवात नेहमी खुराकडून होते, कारण वरून सुरुवात केल्यास खालचे सगळेच बधिर होते आणि काही कळत नाही. ही परीक्षा न करता थेट सांध्यात इंजेक्शन देण्याचा सल्ला कोणी दिला तर नम्रपणे थांबावे आणि जागा कशावरून ठरवली ते विचारावे. क्ष-किरण आणि सोनोग्राफीची सोय जवळपास नसेल तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करता येते. तेथे जाताना आपले व्हिडिओ, ठशांचे फोटो आणि नाल मारल्याच्या तारखा बरोबर न्याव्यात.

कामावर परत घेताना लंगडणे थांबले त्या दिवसापासून मोजू नये. दोन्ही जमिनींवर, दोन्ही बाजूंच्या वर्तुळात, वेदनाशामक बंद करून किमान आठवडाभर झाल्यावर दुडकी स्वच्छ दिसली, तर आधी पंधरा-वीस मिनिटे घट्ट वाळूवर रिकामे चालवावे आणि दर आठवड्याला थोडे वाढवत जावे. ओझे आणि भुसभुशीत वाळू सर्वांत शेवटी. शिरेची इजा असेल तर हा क्रम सोनोग्राफी पाहून डॉक्टरांनीच आखावा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार लंगड्या, कामास असमर्थ जनावराला जुंपणे हा गुन्हा आहे, हे सवारीसाठी घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकालाही सांगायला हरकत नाही. पहिल्या महिन्यात प्रत्येक सोमवारी पहाटे नाडी, ऊब आणि तीस मीटरची दुडकी एवढे तरी तपासावे, आणि काठीचे माप मागच्या सोमवारच्या मापाशेजारी लिहावे.